एका फळीवरची दोन घड्याळं

गेल्या दिवाळीत आप्पांनी खडेबाजारातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं. दुकान म्हणजे जिन्याखालची एक चिंचोळी खोली. उंच टेबल, काचेचं कपाट, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, पेट्रोलची छोटी बाटली, आणि पाठीमागच्या भिंतीवर टांगलेली सागवानी फळी. कपाट भावानं नेलं. भिंग अजून आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात असतं. फळी मी मागून घेतली.

"ती घेऊन काय करतीस गं?" आप्पांनी विचारलं.

"शाळेत लावते. पोरांना दाखवायला."

आप्पा हसले. काय दाखवायला, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

बेळगावच्या पावसात जुन्या भिंती महिनामहिना ओल धरून बसतात. म्हणून आप्पांनी ती फळी भिंतीला ठोकली नव्हती. दोन खिळ्यांना तारेनं टांगली होती, भिंतीपासून दोन बोटं सोडून. दुरुस्त केलेलं लंबकाचं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी आठ दिवस त्या फळीवर चालवून बघायचं, हा त्यांचा नेम. सकाळी रेडिओवर बातम्यांआधीचे टुक-टुक ठोके वाजले की ते घड्याळाकडं बघत आणि फरक वहीत लिहीत. सेकंदाच्या हिशेबात.

मी पाचवीत असतानाची गोष्ट. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यांचं जुनं टोलाचं घड्याळ दुकानात आलं होतं. आप्पांनी ते सगळं सोडवलं, धुतलं, जोडलं, फळीवर लावलं. शेजारी आमचं घरचं घड्याळ आधीपासून होतंच. आठ दिवसांत फरक शून्य. आप्पा खूश. घड्याळ निपाणीला गेलं आणि पंधरवड्यानं परत आलं. आठ दिवसांत अडीच मिनिटं मागं पडतंय म्हणे. पुन्हा फळीवर लावलं, पुन्हा बिनचूक. पुन्हा निपाणी, पुन्हा मागं. तिसऱ्यांदा एसटीतून ते खोकं परत आलं तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या, आणि त्या आप्पांना लागल्या. "बरोबर करून दिलंय" असा शब्द दिलेला होता.

त्या रात्री आप्पा घरी जेवायला आले नाहीत. आईनं डबा देऊन मला धाडलं. बाजार बंद झालेला. आप्पा स्टुलावर बसून नुसते दोन लंबक बघत होते. मीही बघत बसले. दोन्ही लंबक एकदम जवळ यायचे आणि एकदम लांब जायचे. टाळी द्यायला आल्यासारखे यायचे आणि न देताच परत फिरायचे. आप्पांनी उठून दार लावून घेतलं, "वारं असंल" म्हणून. काही फरक नाही. दोन्ही घड्याळांच्या मधे पुठ्ठा धरला. काही नाही. मग त्यांनी एक लंबक हातानं थांबवला, मुद्दाम चुकीच्या वेळी सोडला, आणि आम्ही वाट बघत बसलो. मी भाकरी खाल्ली. थोड्या वेळानं बघते तर दोघं पुन्हा टाळी द्यायला आलेले.

मग आप्पांनी दोन बोटं फळीच्या कडेला टेकवली. डोळे मिटले. "हात लाव इथं," म्हणाले. मी लावला. मला आधी काहीच कळलं नाही. श्वास धरून ठेवला तेव्हा बोटाच्या टोकाला काहीतरी लागलं. मुंगी चालल्यासारखं, त्याहून कमी.

"ती दोघं एकमेकाला ओढालेत बघ," आप्पा म्हणाले. "आमच्या घड्याळानं ह्याला धरून ठेवलंय. नेहमी मधी काय हाय ते बघावं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचं घड्याळ समोरच्या भिंतीवर हलवलं. निपाणीचं घड्याळ एकटं पडल्यावर दिवसाला वीस सेकंद मागं पडायला लागलं. तेच त्याचं खरं चालणं होतं. लंबकाखालची चकती अर्ध्या फेऱ्यानं वर घेतली, पुन्हा आठ दिवस बघितलं, आणि मग ते घड्याळ जे गेलं ते परत आलं नाही. तेव्हापासून आमच्या फळीवर एका वेळी एकच घड्याळ.

खूप वर्षांनी, एमएस्सीला असताना, ग्रंथालयातल्या एका पुस्तकात मला हायगेन्स भेटला आणि मी जागच्या जागी उठून उभी राहिले. ख्रिस्तियान हायगेन्स. लंबकाचं घड्याळ ज्यानं बनवलं तोच. फेब्रुवारी 1665 मध्ये तो आजारी पडून अंथरुणावर होता. खोलीत त्याची दोन नवी घड्याळं टांगलेली. समुद्रावर जहाजाचं रेखांश काढता यावं म्हणून बनवलेली. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की दोन्ही लंबक कायम एकमेकांच्या विरुद्ध झुलतात, आणि मुद्दाम बिघडवलं तरी अर्ध्या तासात पुन्हा तसेच होतात. त्यालाही आधी वाऱ्याचा संशय आला! मग त्यानं आधाराच्या तुळईकडं लक्ष दिलं. घड्याळं लांब केली तर दिवसाला पाच सेकंदांचा फरक पडायला लागला. पुढं त्यानं दोन खुर्च्यांवर तुळया ठेवून त्यांना घड्याळं टांगली, तर खुर्च्याच थरथरायला लागल्या. या प्रकाराला त्यानं एक प्रकारची सहानुभूती म्हटलं. घड्याळांची घड्याळांविषयीची.

खडेबाजारातल्या जिन्याखाली आप्पा ज्या वाटेनं गेले होते त्याच वाटेनं हा माणूस सव्वातीनशे वर्षं आधी गेला होता. वारा, आडोसा, मग आधार. त्या संध्याकाळी मी बेळगावला फोन लावला आणि आप्पांना सगळं वाचून दाखवलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "खुर्च्या हालाल्या म्हणजे घड्याळं लई जड असणार त्याची."

होतीच. जहाज हललं तरी उभी राहावीत म्हणून हायगेन्सनं ती शिसं घालून जड केलेली होती.

विरुद्धच का झुलतात, याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं, म्हणून थोडं थांबून सांगते. दोन्ही लंबक एकाच बाजूला गेले तर दोघांचा मिळून धक्का फळीला बसतो. फळी हलते, तारा कुरकुरतात, खिळ्यापाशी घासतं, आणि त्यात थोडी थोडी शक्ती जिरत जाते. दोघं विरुद्ध बाजूंना गेले तर एकाचा धक्का दुसऱ्याचा धक्का पुसून टाकतो. फळी जवळजवळ स्थिर राहते, काही वाया जात नाही. सुरुवात कशीही करा, बरोबरीनं झुलण्याचा जो भाग असतो तो घासून घासून विरतो, आणि विरुद्ध झुलणं तेवढं उरतं. बाकी रोजची झीज घड्याळाची चावी भरून काढते. अमेरिकेत जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी 2002 साली हायगेन्सचा हा प्रयोग नव्यानं उभा केला आणि गणित तपासलं. घर्षण, ज्याला आम्ही वर्गात कायम चोर ठरवतो, तेच इथं निवड करतं.

एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत मला आवडीचा विषय विचारला होता. मी फळीवरची घड्याळं सांगायला लागले. अर्ध्यातच थांबवलं गेलं. हे अभ्यासक्रमात नाही, लंबकाच्या आवर्तकालाचं सूत्र सांगा. सांगितलं. सूत्रात एकच लंबक असतो. त्याला शेजारी नसतो, आधार हलत नाही, हवा नसते. तो लंबक शिकायलाच हवा, मीही दरवर्षी मन लावून शिकवते. पण पुस्तक तिथंच संपतं, आणि मला वाटतं की दुसरा लंबक शेजारी आला की खरी गोष्ट सुरू होते.

आता मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. इथं शब्दांपासूनच गंमत आहे. मराठीत लोलक म्हटलं की काचेचा, प्रकाशाचे रंग दाखवणारा. कन्नडमध्ये लोलक म्हणजे लंबक. माझी मुलं दोन्ही भाषा दिवसभर बोलतात, त्यामुळं "टीचर, लोलक आणा" म्हटलं की मी आधी विचारते, कुठला?

फळी शाळेत आणायच्या आधी मी दोरीचा प्रयोग करायचे, तो कुणालाही घरी करता येईल. दोन बाकांच्या मधे एक सुतळी ताणायची, फार घट्ट नको. तिला सारख्या लांबीच्या दोन दोऱ्या बांधून खाली एकेक मोठा नट टांगायचा. एक स्थिर धरायचा, दुसऱ्याला झोका देऊन सोडायचं. पाच-सहा झोके होतात तोवर स्थिर असलेला नट हलायला लागतो. त्याचा झोका वाढत जातो, पहिल्याचा कमी होत जातो, आणि एक क्षण असा येतो की पहिला अगदी उभा राहतो आणि दुसरा सगळा झोका घेऊन गेलेला असतो. मग उलटं सुरू. पोरं दरवेळी ओरडतात. नववीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, ह्यानं त्याला उसनं दिलं आणि परत मागून घेतलं." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. एकाची दोरी चार बोटं आखूड केली की हा व्यवहार अर्धवट राहतो. ज्यांची लय जुळत नाही ते एकमेकांना थोडंच देतात.

नटांचा हा खेळ आणि घड्याळांची जोडी यांत एक मोठा फरक आहे, आणि तो मुलांना कळावा म्हणून मी हट्ट धरते. नटांना दिलेला एकच झोका असतो, तोच इकडून तिकडं फिरतो आणि शेवटी संपतो. घड्याळाला आपली चावी आहे. जिवंत गोष्टींचंही तसंच. काजवा, पाखरू, हृदयातली पेशी, यांतलं प्रत्येक आपापलं खातं, आपल्या लयीत चालतं, आणि वर शेजाऱ्याकडं बघतं. शेजाऱ्याकडं बघून लय किंचित बदलली की काय होतं, एवढाच प्रश्न. त्या किंचितमध्ये केवढं काय काय भरलेलं आहे!

काजव्यांबद्दल सांगायचंच आहे.

जूनचा पहिला आठवडा, वळवाचे दोन-तीन पाऊस होऊन गेलेले. जांबोटीकडून कणकुंबीला जाणाऱ्या रस्त्याला ओळखीच्या एका घराच्या मागं, रानाच्या कडेला, ऐनाची आणि जांभळाची जुनी झाडं आहेत. मलप्रभेचा उगम तिथून लांब नाही. आप्पा शहात्तर वर्षांचे, तरी म्हणाले येतो. आम्ही गाडी लांब उभी केली, मोबाइल बंद केले आणि वीस मिनिटं अंधारात नुसते उभे राहिलो, डोळे सरावेपर्यंत.

आधी सगळं सुटं सुटं. इथं एक, तिथं एक. मग ऐनाच्या खालच्या फांदीवर पंधरा-वीस काजवे एकदम लागले आणि एकदम विझले. पुन्हा लागले. वरच्या फांदीनं उचललं. काही मिनिटांत सगळं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका लयीत उघडझाप करायला लागलं. कधी कधी सगळं एकदम नाही, तर उजेडाची एक लाट झाडाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकत जायची. शेजारचं जांभळाचं झाड आपल्या वेगळ्याच तालात होतं.

आप्पांनी मनगटावरची एचएमटी जनता काढून कानाला लावली. बेंगळुरूचं जुनं चावीचं घड्याळ, सेकंदाला पाच ठोके. दोन उजेडांच्या मधे किती ठोके पडतात ते त्यांनी बोटांवर मोजलं. चार, पाच, चार, पाच, पाच. अंधारात मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते, तेही काजवे लागले की तेवढ्यापुरते.

"ह्यांच्यात मधी काय हाय?" त्यांनी कुजबुजत विचारलं. "फांदी?"

"नाही आप्पा. उजेड. एकमेकाला बघतात."

याच गोष्टीवर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं वाद घातला. आग्नेय आशियात नदीकाठची झाडं अशी एकदम लुकलुकतात, असं युरोपी प्रवासी सतराव्या शतकापासून लिहीत आले होते. पण पाश्चात्त्य प्रयोगशाळांत बसलेल्यांना ते पटेना. 1917 साली फिलिप लॉरेंट नावाच्या एका गृहस्थांनी 'सायन्स' साप्ताहिकात लिहिलं की हा सगळा आपल्याच पापण्यांच्या उघडझापीचा भास असावा. हजारो किडे म्होरक्यावाचून एका तालात येतील, हे मानण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणं त्यांना सोपं वाटलं. 1960च्या दशकात जॉन आणि एलिझाबेथ बक हे दांपत्य थायलंडला गेलं. त्यांनी नदीकाठचे काजवे पकडून बँकॉकच्या हॉटेलातल्या खोलीत आणले आणि अंधार करून सोडून दिले. काजवे भिंतींवर, पडद्यांवर बसले. आधी सगळे आपापल्या लयीत, मग दोन जवळचे जुळले, मग तीन. काजव्याच्या अंगात स्वतःची लय असते आणि शेजारचा उजेड दिसला की तो ती मागंपुढं सरकवतो, हे त्यातून उलगडत गेलं.

गणितवाले आणखी पुढं गेले. 1975 मध्ये जपानच्या योशिकी कुरामोतो यांनी एक समीकरण मांडलं. पुष्कळ झुलणारे, प्रत्येकाची स्वतःची गती थोडी वेगळी, आणि प्रत्येक जण बाकीच्यांकडं थोडा ओढला जाणारा. ओढ एका ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर काहीच होत नाही, सगळे विस्कळीत. मर्यादा ओलांडली की मधला एक गट एकाएकी जुळतो आणि ओढ वाढेल तसा फुगत जातो. पाण्याचा बर्फ व्हावा तसं. त्याच वर्षी चार्ल्स पेस्किन यांनी हृदयासाठी असंच एक प्रारूप लिहिलं. आपल्या हृदयात ठोका सुरू करणाऱ्या साधारण दहा हजार पेशी असतात, त्यांच्यातही मुकादम कुणी नाही. 1990 साली मिरोलो आणि स्ट्रोगॅट्झ यांनी सिद्ध करून दाखवलं की अशा एकसारख्या पेशी किंवा काजवे एकमेकांना झटके देत राहिले तर सुरुवात जवळजवळ कशीही असो, शेवटी ते एका तालात येतातच. छातीतल्या ठोक्यासाठी लिहिलेलं गणित ऐनाच्या झाडाला लागू पडलं.

त्या रात्री रस्त्यानं एक गाडी आली, मोठे दिवे लावून. झाड एका क्षणात विस्कटलं. गाडी गेल्यावर बराच वेळ काजवे सुटे सुटेच लुकलुकत राहिले, ताल परत यायला वेळ लागला. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते की काजवे बघायला जाणार असाल तर बॅटरी, मोबाइल, गाडीचे दिवे सगळं बंद ठेवा. त्यांच्या मधे उजेड हेच एक साधन आहे. आपला उजेड त्यांच्या मधे येतो, आणि त्यांच्या जोड्या त्याच उजेडावर जमायच्या असतात. दरवर्षी त्या रस्त्याला दिवे वाढताहेत. मला फार वाईट वाटतं ते.

आता तांदळाची गोष्ट, कारण तिच्यात ना डोळे आहेत ना चावी.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत श्रीराम रामस्वामी अनेक वर्षं अशा पदार्थांचा अभ्यास करत आले आहेत, ज्यांतला कण न् कण आपापली शक्ती घेऊन हलत असतो. थवे, जिवाणू, पेशींचे थर, सगळं त्यात आलं. विजय नारायण, नारायणन मेनन आणि त्यांनी मिळून 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सपाट ताटलीवर बारीक काड्यांचा एकच थर पसरायचा आणि ताटली खालून वर जोरात थरथरवायची. काड्या दोन्ही टोकांना सारख्या जाड असल्या तर दाटीत त्या चौकटीसारख्या, एकमेकींना काटकोनात बसू बघतात. टोकांना निमुळत्या, लाटण्यासारख्या असल्या तर सगळ्या एका दिशेला तोंड करतात. आणि तिसरा पदार्थ त्यांनी घेतला होता लांब दाण्याचा बासमती तांदूळ! तो ओळीनं, थरांत बसायची लक्षणं दाखवतो. हे वाचलं तेव्हा मला राहवेना. बेळगावच्या बासमतीचं नाव घेत मी वाढले. घरात तांदूळ होता आणि गावात पिठाची गिरणी होती.

गिरणीवाले काका आधी म्हणाले, "टीचर, दळून देऊ काय?" मी म्हटलं, दळायचा नाही, नुसता हलवायचा. अ‍ॅल्युमिनियमचं सपाट ताट घेतलं, त्यात अख्खे दाणे निवडून एका थरात पसरले, चार कोपऱ्यांत वायसर ठेवून वर फोटोफ्रेमची काच ठेवली म्हणजे दाणे एकमेकांवर चढणार नाहीत, आणि ताट गिरणीच्या लाकडी खोक्यावर घट्ट बांधलं. गिरणी सुरू झाली. दाणे आधी नुसते किडेमुंग्यांसारखे वळवळले. मग काठाकडचे दाणे काठाला समांतर झाले. पाचेक मिनिटांनी एका कोपऱ्यात दाण्यांच्या तीन-चार बाऱ्या लागल्या, खांद्याला खांदा लावून, भाताच्या रोपांची पात धरल्यासारख्या. मधे भोवरा होता, तिथं काही जमेना. इंद्रायणीचा दाणा बासमतीहून आखूड, त्यानं काहीच धरलं नाही, नुसता फिरत राहिला. प्रयोगशाळेची सफाई माझ्या ताटात नव्हती. पण त्या चार बाऱ्या मी आणि सव्वीस पोरांनी डोळ्यांनी बघितल्या, आणि त्यांना ओळीत उभं करायला कुणी गेलं नव्हतं. दाण्याचा आकार आणि शेजाऱ्याचा धक्का, मधे एवढंच.

लांबट कणांनी एका दिशेला तोंड करणं यावरच आकड्यांची घड्याळं चालतात. काचेच्या मागं द्रवरूप स्फटिकाचा पातळ थर असतो, त्याचे रेणू लांबट. विजेचा इशारा मिळाला की ते एकजात दिशा बदलतात आणि काळा आकडा उमटतो. ही घड्याळं बाजारात आली तेव्हा आप्पांचं काम निम्म्यावर आलं होतं. तांदळाचं ताट दाखवून मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी भिंग लावून दाणे बराच वेळ बघितले. म्हणाले, "असं होय ते. मला वाटायचं त्या घड्याळात बघण्यासारखं काय न्हाईच."

भोरड्या नावाच्या पाखरांचं थोडक्यात सांगते. मामांचं शेत चिक्कोडीकडं. थंडीत शाळू हुरड्यात आला की भोरड्या उतरतात, मध्य आशियाकडून, हजारांच्या थव्यानं. मामा माळ्यावर गोफण घेऊन बसायचे. दगड सुटला की थवा फाटायचा, वळायचा, पुन्हा एक व्हायचा, धुराच्या लोटासारखा. लहानपणी मी विचारलं होतं, ह्यांना वळा म्हणून कोण सांगतं? मामा म्हणाले, "ह्यांच्यात पाटील कोण न्हाई गं." रोममध्ये भोरड्यांच्याच जातकुळीतल्या पाखरांचे थवे जोडीच्या कॅमेऱ्यांनी टिपून इटलीच्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये दाखवलं की प्रत्येक पाखरू जवळच्या साधारण सहा-सात पाखरांवर लक्ष ठेवतं. किती अंतरावरची, हे महत्त्वाचं नाही. थवा विरळ होवो की दाट, सहा-सातच. त्या गटातल्या जॉर्जियो पारिझींना 2021चं नोबेल मिळालं, अव्यवस्थेतल्या व्यवस्थेवरच्या कामासाठी. आणि आपल्याकडं बेंगळुरूच्याच संस्थेत विश्वेश गुट्टल यांच्या गटानं 2020 मध्ये माशांवर असंच काम प्रसिद्ध केलं. मासा कुठला, तर गोव्याकडं ज्याला काळुंदर म्हणतात तो. या माशाची पिल्लं सगळ्यांची सरासरी बिरासरी काढत बसत नाहीत. एका वेळी कुणातरी एकाचंच बघून वळतात. त्यामुळं गट लहान असताना ती जास्त एकदिलानं पोहतात.

फळी आता आमच्या प्रयोगशाळेत आहे, जुन्या तारांनीच टांगलेली. तिच्यावर एक आमचं घरचं घड्याळ आणि एक शाळेच्या अडगळीतून काढलेलं, आप्पांनी येऊन चालू करून दिलेलं. रोज प्रार्थनेनंतर दोन मुलं मोबाइलच्या वेळेशी दोन्ही घड्याळं ताडून फळ्यावर आकडे लिहितात. अकरा दिवस झाले. दोन्ही दिवसाला सहा सेकंद पुढं जाताहेत, दोन्ही तेवढीच. कुणाचे हे सहा सेकंद आहेत, आमच्या घड्याळाचे की शाळेच्या, की दोघांचा समेट आहे, यावर वर्गात दोन तट पडलेत. सोमवारी शाळेचं घड्याळ उचलून समोरच्या भिंतीवर लावायचंय. आप्पांनी काल रात्री फोन करून सांगितलं, उचलताना लंबक आधी काढून घे, आणि मी आल्याबिगर लावू नको.